हौसाकाकीचं पिस्तूल आणि पावशेर सोडे

ओमकारनं मेसेज तसा नीट लिहिला होता. दहावीला मराठीत पहिला आलेला मुलगा. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. 'बाईमाणसाच्या हातात बसेल, पिशवीत मावेल आणि खिशाला परवडेल असं लहानसं पिस्तूल तुमच्या दुकानात आहे का? आमच्या हौसाकाकीला हवंय. कुणाला बोलू नको.'

घोटाळा एवढाच झाला, की मेसेज जायचा होता चिपळूणच्या उमेरला आणि गेला 'ग्रामस्थ मंडळ, गाव व मुंबई' या ग्रुपवर. त्या ग्रुपवर गावातली झाडून सगळी घरं, सगळे मुंबईकर, देवळाचे मानकरी, सरपंच आणि आखातात क्रेन चालवणारे दोघं. 'कुणाला बोलू नको' ही विनंती एकाच वेळी एवढ्या माणसांना केल्याचा विक्रम आमच्या तालुक्यात तरी दुसऱ्या कुणाच्या नावावर नसावा.

हा ओमकार म्हणजेच ही गोष्ट लिहिणारा. पण पराक्रमच असा, की त्याच्यापुढे 'मी' लावायला हात धजत नाही. तेव्हा त्याला ओमकारच म्हणू. तसंही गोष्ट त्याची नाही, हौसाकाकीची आहे.

तर काकी त्या वेळी अंगणातल्या खळ्यात सुक्या वाकट्या, म्हणजे पट्टीसारखी लांब मासळी, निवडत बसली होती. वरच्या घरचे तात्या पाखाडीच्या पायऱ्या उतरता उतरताच ओरडले, "हौसा, कोणाला उडवतेस गो?"

"कावळ्यांना," काकी म्हणाली. तिला वाटलं, तात्या सुकत घातलेल्या मासळीबद्दल बोलतायत.

"कावळ्याला पिस्तूल कशाला? माझी ठासणीची बंदूक घेऊन जा!"

काकीनं वाकटी खाली ठेवली. मग फोन वाजला, तो वाजतच राहिला. मंडळाचे अध्यक्ष, जाऊबाई, जाऊबाईंची वसईची बहीण. आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत शेवटी एकदाचा लागला तिचा मुलगा संदेश, नालासोपाऱ्याहून.

"आये, झालंय काय? पिस्तूल कशाला पायजे तुला?"

आता सांगणं भाग होतं. गणपतीच्या आधी, सावर्ड्याचा बाजार करून काकी परतत होती. भर दुपार, जंगलातलं वळण. मोटारसायकल आडवी घातलेली. दोघं होते. एकानं टेम्पोची चावी काढली, दुसऱ्यानं तिच्या कमरेची पैशांची पिशवी. काकीनं बोंबलांचं अख्खं टोपलं त्यांच्या अंगावर उलटं केलं, पण पिशवी गेली ती गेलीच. तिनं पोलिसात तक्रार दिली, घरी आली, आंघोळ केली आणि कुणाला काही बोलली नाही. फक्त तेव्हापासून ते वळण आलं, की गिअरवरचा तिचा हात कापायचा. हे ओमकारला ठाऊक, कारण एकदा तो शेजारी बसला होता आणि 'काकी, गिअरबॉक्स वाजतोय' म्हणाला होता. 'गिअरबॉक्स नाय, मी वाजत्येय,' काकी म्हणाली होती.

संदेशनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "पुरे झालं आता. टेम्पो विक. शिमग्याला येतो तेव्हा गिऱ्हाईक घेऊनच येतो. तू इकडे चल. सानवीला सांभाळ, टीव्ही बघ, आराम कर."

सानवी म्हणजे काकीची नात. नातीवर काकीचा जीव, पण टीव्ही आणि आराम हे दोन शब्द काही तिच्या गळी उतरेनात. कारण टेम्पो ही तिची नुसती भाकरी नव्हती. नवरा सदू काविळीनं गेला, तेव्हा हाच तीनचाकी टेम्पो सगळ्यांनी विकायला काढला होता. काकीनं तो सड्यावरच्या मोकळ्या माळावर नेला आणि स्वतःच शिकली. शिकताना गावातले दोन गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, पाडले आणि चिरा चिरा लावून परत उभे केले. तेव्हापासून धोपाव्याच्या फेरीबोटीवर टेम्पो चढवायचा, दाभोळला उतरायचं, हर्णेला सुकी मासळी भरायची आणि वेळणेश्वरापासून सावर्ड्यापर्यंत विकायची, हे तिचं राज्य. त्या राज्याला आता एका वळणानं सुरुंग लावला होता.

"शिमग्यापर्यंत वेळ हाय ना?" ती फोनवर म्हणाली. "मग बघू."

फोन ठेवून तिनं ओमकारला हाक मारली. तो परसात फणसाच्या मागे उभा होता.

"ये, मेल्या, बाहेर ये. फोडलीस ना दवंडी? आता अर्ज पण तूच भर."

ओमकारनं भरला. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात गेला, डॉक्टरांचा दाखला झाला, आणि इकडे गावात धमाल उडाली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुका घरटी नसल्या तरी वाडीगणिक आहेत. डुक्कर-वानरांवर बार काढणारा प्रत्येक माणूस हत्यारातला तज्ज्ञ झाला. तात्या म्हणाले, आवाज मोठा पाहिजे. सरपंच म्हणाले, आवाज नकोच. बायकांची काळजी वेगळी. "ठेवशील कुठं गो? पदरात गाठ मारून?"

याहून गंमत पुढे झाली. 'पिस्तूल हवंय'चं दोन गावं ओलांडेपर्यंत 'पिस्तूल घेतलं' झालं. सावर्ड्याच्या बाजारात काकीनं नेहमीसारखी पथारी मांडली, तर जवळ्याचा भाव पाडून मागणाऱ्या बायका गुपचूप मागे सरकून बसल्या. एक नेहमीचा खवट म्हातारा, जो दर बाजाराला 'बोंबलात वाळू हाय' म्हणून वाद घालायचा, त्यानं स्वतःहून म्हटलं, "बोंबील एक नंबर हां तुमचे." काकीनं घोंगडीखाली हात घालून उगाच काहीतरी चाचपलं. तिथं पानाची डबी होती. पण म्हाताऱ्यानं सुटे पैसेही परत मागितले नाहीत.

"ओमकार," परतताना ती टेम्पोतच हसत सुटली, "हे न घेताच एवढं चालतंय, तर घेतल्यावर काय होईल रे?"

वळण आलं. हसू थांबलं. हात कापला. म्हणजे पिस्तुलाची अफवा चोरांना पुरत असेल, काकीला पुरत नव्हती.

मग चिपळूणची वारी. उमेर हा ओमकारचा शाळेतला बाकावरचा सोबती. बंदुकांच्या दुकानात कामाला. काकीला पाहताच त्यानं आधी खुर्ची दिली, मग चहा, मग हात जोडले. "काकी, परवाना नसताना हातात देता येणार नाही. काचेतून बघा."

"साडीच्या दुकानात पण अंगावर टाकून दाखवतात रे."

"साडीला परवाना लागत नाही, काकी."

काकीनं काचेला नाक लावलं. आणि ती प्रेमात पडली. कोपऱ्यात एक पिस्तूल होतं, इवलंसं, चपटं, काजूच्या बोंडाएवढं गोजिरवाणं. "हेच!" ती म्हणाली. "बटव्यात जाईल."

"सगळे आधी ह्यालाच भुलतात," उमेर म्हणाला. "जितकं लहान, तितकं हातात उडतं. नळी आखूड, नेम चुकतो. आणि किंमत बघितलीत का?"

काकीनं किंमत बघितली आणि नाक काचेवरून काढलं. तेवढ्या पैशांत टेम्पोचं इंजिन नवं झालं असतं.

उमेरनं मग शिकवणीच घेतली. पिस्तूल चपटं, गोळ्या जास्त. पण वरचा भाग मागे ओढून गोळी चढवावी लागते, अडकली तर सोडवावी लागते. रिव्हॉल्वर जाड, गोळ्या कमी. पण एखादी गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची येते. चाप मात्र जड.

"कळलं," काकी म्हणाली. "पिस्तूल म्हणजे बटन-स्टार्ट आणि रिव्हॉल्वर म्हणजे किक. पावसात बटन कधी दगा देईल नेम नाय. किक कधी नाय."

उमेरनं टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "हे मी उद्यापासून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार." त्यानं आतली एक बातमी पण दिली: रत्नागिरीच्या एका वारलेल्या डॉक्टरांचं रिव्हॉल्वर त्यांची मुलं दुकानात विकायला देणार आहेत. जुनं, पण नीट राखलेलं, आणि किंमत निम्म्याहून खाली. "पण तुमच्या हातात बसतं का, ते बघायला परवाना येईपर्यंत थांबावं लागेल."

थांबणं काकीच्या रक्तात नाही. गावात आल्या आल्या ती गेली जानू सुताराकडे. जानूमामा म्हणजे नमनाच्या खेळातल्या सोंगांच्या तलवारी, गदा, मुखवटे करणारा माणूस. आयुष्यभर राक्षस आणि देव यांना शस्त्रं पुरवली. बाईमाणसाचं गिऱ्हाईक हे पहिलंच. काकीनं उमेरनं फोनवर पाठवलेले फोटो दाखवले.

"फणसाच्या लाकडाचं करतो," जानूमामा म्हणाला. "मजुरी?"

"पावशेर सोडे."

सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. कोकणात त्यांच्यापुढे नोट फिकी पडते. जानूमामानं त्याच क्षणी लाकूड तासायचं किकरं हातात घेतलं. लाकूड पोखरून आत जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरल्या, म्हणजे वजन यावं. काळा रंग द्यायला निघाला, तर उमेरनं फोनवरून ओरडून थांबवलं, "खऱ्यासारखं अजिबात करू नका! लफडं होईल." म्हणून पिस्तूल राहिलं फणसाच्या गऱ्यासारखं पिवळंधमक.

पहिलं केलं ते काचेतल्या इवल्याशाच्या मापाचं. काकी चार दिवस ते घेऊन घरात फिरली. भाकरी थापताना बाजूला, मासळी निवडताना मांडीवर. आणि तिच्या लक्षात आलं, मुठीत दोनच बोटं बसतायत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अधांतरी. इतकी वर्षं टेम्पोचा दांडा ओढलेल्या हाताला ते खेळणं पुरत नव्हतं. जानूमामाचे सोडे चुकते झाले आणि त्याच मजुरीवर दुसरं पिस्तूल सांगितलं गेलं: डॉक्टरांच्या रिव्हॉल्वरच्या मापाचं, लांब मुठीचं. ते हातात घेतलं आणि चारही बोटं जागेवर बसली. काकीनं कौलांकडे बघून मोठा श्वास घेतला.

"ह्ये माझं," ती म्हणाली.

"सोडे?" जानूमामानं विचारलं.

"हर्णेहून माल आला की देते."

आणि त्याच आठवड्यात निवडणुका लागल्या. निवडणूक लागली, की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची. आमच्याकडे तो एक सोहळाच. घराघरांतून बंदुका निघतात, फडक्यात गुंडाळलेल्या, तेल लावलेल्या, आणि गावातले बंदूकवाले एकत्र मिळून जातात. गाडी कुणाची? काकीची. तिला त्याच दिवशी परवान्याच्या चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं होतं. टोपल्यांच्या मधे बंदुका उभ्या करून ओमकारसकट सगळे बसले. पोचेपर्यंत सरकारी नोंदीतल्या एकूण एक हत्याराला बोंबलांचा वास लागला होता.

"तुझं घेतलंस ना?" वाटेत तात्यांनी विचारलं.

काकीनं पिशवी थोपटली. साहेबांनी हत्यार कसं धरता विचारलं तर दाखवावं, म्हणून आत पिवळं पिस्तूल होतं. ती 'नाय' म्हणाली नाही. इतक्या दिवसांत ती कुणालाच 'नाय' म्हणाली नव्हती. तीच गोष्ट आता अंगाशी येणार होती.

ठाण्यात हवालदार एकेक बंदूक तपासून पावती देत होते. काकी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली, आणि तात्यांना प्रेमाचं भरतं आलं. "साहेब, हिचं पिस्तूल पण जमा करून घ्या. विसरेल ती."

साहेबांनी मान वर केली. "पिस्तूल? यांच्या परवान्याचा अहवाल अजून माझ्या टेबलावर पडलाय."

विनापरवाना पिस्तूल म्हणजे परवाना तर बुडालाच, वर काकी आत. आणि 'नाहीच मुळी' म्हटलं, तर पाच गावांत जपलेला दरारा या टेबलावरच खलास. संध्याकाळपर्यंत त्या वळणावरच्या दोघांनाही कळणार, की बाईकडे काहीच नाही.

काकीनं ओमकारकडे बघितलं. मग पिशवीत हात घातला आणि पिवळंधमक पिस्तूल टेबलावर ठेवलं. नळी भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर.

आधी हवालदार हसत सुटले. मग सरपंच. तात्या तर हसता हसता ठासणीच्या बंदुकीवर टेकले. साहेब तेवढे हसले नाहीत.

"हे दाखवून कुणाला भीती घातली?"

"कोणाला नाय, साहेब. हाताला सवय व्हावी म्हणून केलंय. म्हणून तर पिवळं हाय."

"आणि लोक म्हणतात, तुमच्याकडे खरं आहे."

"ते लोकांनी ठरवलं. मी नाय म्हटलं नाय. ती माझी चूक."

साहेबांनी पिस्तूल उलटंपालटं केलं, वजन बघितलं. "समजा परवाना दिला. पुन्हा कुणी टेम्पो अडवला. काय कराल?"

"आधी रिव्हर्स घेईन."

"काय?"

"रिव्हर्सला गावात मी एक नंबर हाय, विचारा ह्यांना. मागं जाता येत असेल तर पिस्तूल कशाला काढू?"

"आणि मागे जाता नाही आलं तर?"

"साहेब, त्या वळणावर माझा हात कापतो. मुलगा म्हणतो, टेम्पो विक. मी गडगे पाडून शिकल्येय तो टेम्पो. माणूस मारायचा नाय मला. हात कापायचा थांबवायचाय."

साहेबांनी लिहायला घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. पिवळं पिस्तूल परत देताना फक्त म्हणाले, "याची पावती मिळणार नाही."

परतताना टेम्पोत तात्यांनी दोनदा काकीकडे बघितलं. काकीचा चेहरा पडला होता. शेवटी तात्यांनी घसा खाकरला. "हे बघा रे. जे झालं ते टेम्पोतच राहील. कुणाला बोलू नका."

आणि आश्चर्य बघा. ओमकारनं जे लिहून पाठवलं ते पाच गावांना कळलं होतं, आणि तात्या जे तोंडानं बोलले ते टेम्पोच्या बाहेर गेलं नाही. उलट दोन दिवसांत सावर्ड्याला नवीच बातमी पोचली: हौसाबाईला साहेबांनी खास सूट दिलीय, सगळ्यांची हत्यारं जमा झाली, हिचं नाही! कुणी उठवली, ते तात्या आजही सांगत नाहीत.

निवडणुका झाल्या. काकीनं ओमकारला टेम्पोत घालून शस्त्र हाताळायचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. पहिली गोळी झाडली तेव्हा जोरात 'आये गो' ओरडली आणि दुसरीला स्वतःहून पुढे झाली. शिमग्याची पालखी घराघरांत नाचायला लागली त्या दिवसांत परवाना आला. आणि त्याच दिवशी टेम्पोचं गिऱ्हाईक घेऊन संदेश.

"आये, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं, बघू म्हणून. चल, बस गाडीत. तुझ्या गिऱ्हाइकाला म्हणावं, चहा घे, वाट बघ."

चिपळूणला उमेरनं डॉक्टरांचं रिव्हॉल्वर बाहेर काढलं, रिकामं असल्याचं स्वतः बघितलं, तिला दाखवलं, मगच हातात दिलं. काकीनं मूठ धरली. चारही बोटं. संदेशलाही धरायची हौस आली, तर उमेर म्हणाला, "दादा, तुमच्याकडे परवाना नाही. तुम्ही काचेतून बघा." काकी एवढी खूश झाली की बस्स.

"नवीन का नाय घेत?" संदेशनं विचारलं. "मी देतो ना वरचे."

"तू शिकवलास का मला टेम्पो? नाय ना. मग हे पण माझं मीच घेणार. आणि जुन्या गाड्या चांगल्या चालतात, मला म्हायत हाय."

येताना रिव्हॉल्वर रिकामं, पेटीत कुलपात, मागे टोपल्यांखाली होतं. कायद्यानं तसंच न्यायचं. म्हणजे वळण आलं तेव्हा काकीच्या हाताशी काहीच नव्हतं. संदेशनं आईच्या गिअरवरच्या हाताकडे बघितलं. ओमकारनं त्याला सांगून ठेवलं होतं. काकीनं मात्र भलतंच केलं. नेमक्या त्याच वळणावर टेम्पो थांबवला, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि बाटलीतलं पाणी प्यायली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"चांगली सावली हाय गो हितं," ती स्वतःशीच म्हणाली. "आधी कधी बघितलीच नव्हती."

संदेश खाली उतरला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, "आये, त्या गिऱ्हाइकाला चहावर जेवायला पण घाल. बिचारा लांबून आलाय, रिकामा जाणार."

काकीनं पहिल्याच किकला टेम्पो चालू केला आणि गाव येईपर्यंत पालखीची गाणी म्हणत राहिली, बेसूर आणि जोरात.

हे सगळं झालं, सगळ्यांची देणीघेणी मिटली. राहिलेत ते जानूमामाचे दुसऱ्या पिस्तुलाचे पावशेर सोडे. हर्णेहून माल येऊन किती बाजार झाले. पुडी बांधून टेम्पोच्या कप्प्यात ठेवलेली आहे, ओमकारनं डोळ्यांनी पाहिलीय. जानूमामा दर दोन दिवसांनी खळ्यात येतो, खाकरतो, आत रिव्हॉल्वर ठेवलेल्या कपाटाकडे एक नजर टाकतो.

"हौसा, ते आपलं... सोडे..."

"काय म्हणालास?" काकी वाकट्यांतून मान वर न करता विचारते.

"काय नाय. पाणी दे जरा."

पाणी पिऊन जानूमामा जातो, आणि काकी तोंडाला पदर लावून हसत बसते.